नकाशावर नसलेल्या देशाची माणसं

माझ्या आत्तेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूरकरांना गांधीनगर काय आहे हे सांगायला नको. शहरापासून काही किलोमीटरवरची कापडाची ती घाऊक पेठ, सिंधी व्यापाऱ्यांची ओळीनं दुकानं, पांढऱ्या गाद्यांवर उलगडलेल्या साड्यांचे ढीग आणि त्या ढिगांपुढे मांडी घालून बसलेल्या घरातल्या झाडून सगळ्या बायका! मी तेव्हा आठवी-नववीत असेन. कंटाळून बाहेर आलो, तर मामा म्हणाले, "हे लोक फाळणीनंतर सिंधमधून आले. इथं आधी कसल्याशा बराकी होत्या, त्यात त्यांची सोय केली." तेवढ्यावर विषय संपला. 'कसल्याशा' म्हणजे कसल्या, हे मी विचारलं नाही आणि मामांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी शिकागोत एका क्लायंटकडे काम करत होतो. टीममध्ये एक पोलिश आडनावाची सहकारी होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलं, "तू भारतात नेमका कुठला?" मी नेहमीच्या सवयीनं "मुंबईजवळचा" असं ठोकून दिलं. आता सातासमुद्रापलीकडे कोल्हापूर कुणाला कळणार? ती म्हणाली, "माझी आजी लहानपणी पाच वर्षं भारतात होती. मुंबईहून आगगाडीनं जावं लागे. गावाचं नाव वालिवादे." मला काही बोध होईना. मग ती म्हणाली, "कोल्हापूरजवळ आहे म्हणे. तुला कोल्हापूर माहीत आहे का?"

मंडळी, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मामांच्या त्या 'कसल्याशा बराकी' पोलिश निर्वासितांच्या होत्या. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यातही बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याला राहत होती. त्या गोष्टीच्या इतक्या जवळ वाढूनही मला तिचा पत्ता नव्हता. तो मला शिकागोत, एका पोलिश आजीच्या नातीकडून लागला! त्या दिवसापासून या लोकांविषयी मिळेल ते वाचायचा नाद लागला. जे हाती आलं त्यातलं थोडं आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

तीन शेजाऱ्यांनी केलेली वाटणी

पोलंडचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात १७७२ पासून करावी लागते. आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे वारले ते हे वर्ष. त्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी पोलंडचे लचके तोडायला सुरुवात केली. दुसरी वाटणी १७९३ साली झाली. तिसरी १७९५ साली, म्हणजे मराठ्यांनी खर्ड्याची लढाई जिंकली त्या वर्षी. या तिसऱ्या वाटणीनंतर पोलंड नावाचा देश युरोपच्या नकाशावर उरलाच नाही. तो पुन्हा उभा राहिला ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे तब्बल १२३ वर्षांनी.

गंमत म्हणजे हा देश काही मागासलेला नव्हता. ३ मे १७९१ रोजी पोलंडनं लिखित राज्यघटना स्वीकारली होती. आधुनिक युरोपातली ती पहिली समजली जाते. किंबहुना दुबळा शेजारी सुधारायला लागला हेच तिघांना खुपलं. १७९४ साली तादेउश कोश्चुश्को या सेनानीनं उठाव केला. हा तोच कोश्चुश्को, ज्यानं आधी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारली होती. उठाव फसला. पुढे १८३० आणि १८६३ साली रशियाविरुद्ध झालेले उठावही चिरडले गेले.

१८३१ च्या पराभवानंतर हजारो सैनिक, सरदार, लेखक आणि विद्यार्थी देशोधडीला लागले. त्यातले बहुतेक फ्रान्समध्ये गेले. पोलिश इतिहासात याला 'महास्थलांतर' म्हणतात. आदाम मित्सकेविच या कवीचं 'पान तादेउश' हे महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. आज पोलंडमधला प्रत्येक विद्यार्थी ते शाळेत शिकतो. संगीतकार शोपाँ १८४९ साली पॅरिसमध्येच वारला. देह तिथल्या मातीत पुरला, पण हृदय त्याच्या बहिणीनं वॉर्साला नेलं आणि ते आजही तिथल्या एका चर्चच्या खांबात आहे. पोलंडचं राष्ट्रगीत तर १७९७ साली इटलीत, परक्याच्या सैन्यात भरती झालेल्या पोलिश सैनिकांसाठी लिहिलं गेलं. ज्या देशाचं राष्ट्रगीत, महाकाव्य आणि संगीत परदेशात जन्माला आलं, असा दुसरा देश मला तरी माहीत नाही.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? रशियाच्या अंमलाखाली वॉर्सामध्ये चोरून चालणारं एक विद्यापीठ होतं. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज या घरी तर उद्या त्या घरी भरत. त्याला 'उडतं विद्यापीठ' म्हणत. तिथं शिकलेली एक मुलगी म्हणजे मारिया स्क्लोदोव्स्का, आपली मादाम क्युरी. १८९८ साली तिनं आणि पतीनं नवं मूलद्रव्य शोधलं, तेव्हा तिनं त्याला 'पोलोनियम' नाव दिलं. नकाशावर देश नव्हता, म्हणून तिनं तो मूलद्रव्यांच्या कोष्टकात नेऊन बसवला!

प्रशियाच्या ताब्यातल्या भागात १९०१ साली व्झेश्न्या नावाच्या गावी आणखी एक गोष्ट घडली. शाळेतला धर्माचा तासही जर्मनमधून घेण्याचा हुकूम निघाला. मुलांनी जर्मनमध्ये उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना छड्या खाव्या लागल्या. तरी मुलं बधली नाहीत. आईबापांनी विरोध केला, तर त्यांच्यावर खटले भरले आणि काहींना तुरुंगात टाकलं. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना गाडीत घालून नेताना मला हमखास हे गाव आठवतं. आपल्या मुलांना मराठी बोलल्याबद्दल कोणी मारत नाही. न बोलल्याबद्दलही कोणी काही म्हणत नाही. प्रश्न नेमका तिथेच आहे.

भाकरीसाठी

सरदार आणि कवी गेले ते स्वातंत्र्यासाठी. त्यांच्यामागून गेले ते शेतकरी, आणि ते गेले भाकरीसाठी. पोलिशमध्ये अशा जाण्याला 'भाकरीच्या मागे जाणं' असंच म्हणतात. आपल्या 'जगायला बाहेर पडणं' या शब्दांच्या अगदी जवळचं!

अमेरिकेतली सगळ्यात जुनी, अजून टिकून असलेली पोलिश वस्ती टेक्ससमध्ये आहे. तिचं नाव पान्ना मारिया. १८५४ साली लेओपोल्ड मोचिगेम्बा या पाद्र्याच्या बोलावण्यावरून सायलीशिया प्रांतातले शेतकरी तिथे आले. नाताळच्या रात्री ओकच्या झाडाखाली त्यांनी पहिली प्रार्थना केली. घरं नंतर बांधली, आधी प्रार्थना झाली. त्याच डिसेंबरात टेक्ससच्याच किनाऱ्यावर आणखी एक गट उतरला. हे होते सोर्ब लोक. जर्मनीच्या पूर्वेला लुसाशिया भागात राहणारा, पोलिश आणि चेक लोकांच्या नात्यातला हा छोटा स्लाव समाज. यान किलियान या पाद्र्याबरोबर साडेपाचशेच्या आसपास माणसं आली आणि त्यांनी सर्बिन नावाचं गाव वसवलं.

एका वर्षी, एकाच राज्यात, दोन चुलत समाज. पुढे काय झालं पाहा. सर्बिनच्या लोकांची भाषा आधी जर्मनपुढे आणि मग इंग्रजीपुढे मागे हटली. आता ती तिथे संग्रहालयात जपली जाते. पान्ना मारियाच्या पंचक्रोशीत मात्र सायलीशियन बोली दीडशेहून अधिक वर्षं टिकली, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी ती आजही सापडते. सोर्ब लोकांच्या आजूबाजूला त्यांच्याच ल्युथरन पंथाचे जर्मन होते. त्यांच्याशी चर्च एक, सोयरीक सोपी, आणि मूळ गावी असतानाच जर्मन शिकलेली. पान्ना मारियाचे लोक आपल्या चर्चभोवती आणि आपसात राहिले. भाषा भावनेवर जगते असं आपण म्हणतो, पण बरंचसं शेजार आणि सोयरीक यांवर ठरतं.

पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत आलेल्या पोलिश लोकांची संख्या सुमारे वीस लाख धरली जाते. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणी, असलीच कामं त्यांच्या वाट्याला आली. शिकागोत १८६७ साली संत स्तानिस्लाव कोस्तका यांच्या नावाचं पहिलं पोलिश चर्च स्थापन झालं. १८८० साली 'पोलिश नॅशनल अलायन्स' स्थापन झाली. ही नुसती सांस्कृतिक संस्था नव्हती. खाणीत माणूस दगावला तर बायकामुलांच्या हाती चार पैसे पडावेत म्हणून सभासदांचा विमा उतरवणारी ती सहकारी संस्था होती. माझ्या मते तिचं दीर्घायुष्य इथेच आहे. आधी माणसाची अडचण भागवली, संमेलनं आणि वर्तमानपत्रं त्या पायावर उभी राहिली.

या शेतकऱ्यांनी गावी लिहिलेल्या आणि गावाहून आलेल्या पत्रांवर विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नानेत्स्की या अभ्यासकांनी १९१८ ते १९२० मध्ये पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, 'द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका'. समाजशास्त्रातला तो मैलाचा दगड मानतात. पैसे पाठवले ते पोचले का, धाकट्याला बोलावून घेऊ का, म्हाताऱ्यांना कोण पाहतं, शेताचा वाटा कुणाला, असे त्या पत्रांतले विषय. आपल्या घरोघरच्या शनिवार-रविवारच्या फोनमध्ये यापेक्षा वेगळं काय असतं?

पोलिश म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडे मराठी म्हटलं की मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी सगळे आले, आणि कोकणीचं नाव काढलं की वाद आला. पोलंडमध्येही तसंच आहे. उत्तरेला समुद्राकाठी राहणारे काशुब लोक आपली भाषा वेगळी मानतात. २००५ सालच्या कायद्यानं काशुबियनला पोलंडची एकमेव 'प्रादेशिक भाषा' म्हणून मान्यता मिळाली. सायलीशियनला मात्र ती मिळाली नाही. २०२१ च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त लोकांनी आपली ओळख सायलीशियन अशी नोंदवली होती. संसदेनं मान्यतेचा कायदा संमतही केला, पण मे २०२४ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

दक्षिणेच्या डोंगरात लेम्को नावाचा आणखी एक स्लाव समाज होता. १९४७ साली तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं लेम्को आणि युक्रेनियन मिळून सुमारे १ लाख ४० हजार लोकांना घरातून उठवलं आणि देशाच्या पश्चिमेकडे विखरून टाकलं. पोलिश लोकांनी अन्याय सोसला तसा त्यांच्या राज्यानं दुसऱ्यांवर केलाही, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. आणि ज्यू लोकांना वगळूनही ती पुरी होत नाही. १९३९ साली पोलंडमध्ये तीस लाखांहून जास्त ज्यू होते. नाझींनी त्यातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना मारलं.

सगळ्यात मला आवडलेली नोंद १९३१ च्या पोलिश जनगणनेतली आहे. पूर्वेकडच्या दलदलीच्या पोलेसिए प्रांतात मातृभाषा कोणती असं विचारल्यावर सात लाखांच्या वर लोकांनी पोलिश, युक्रेनियन, बेलारशियन यांपैकी एकही नाव घेतलं नाही. त्यांच्यापुढे 'इथली' अशी नोंद झाली. आमची भाषा इथली! सरकारला हवं तसं उत्तर न देणारी साधी माणसं सगळ्या देशांत सारखीच.

जाता जाता भाषेची एक गंमत. पोलिशमध्ये आगीला 'ओगिएन्', म्हणजे आपला अग्नी. विधवेला 'व्दोवा', मांसाला 'म्येंसो'. दोन, तीन, चार म्हणजे 'द्वा, त्शी, च्तेरी'. नामाला सात विभक्त्या, आणि त्यातली सातवी संबोधनाची! शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला हे लोक अगदीच परके वाटू नयेत.

सैबेरिया ते वळिवडे

आता त्या बराकींकडे वळू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरलं. पुन्हा वाटणी! फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या खेपांत सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलली. सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणे ही संख्या तीन लाखांच्या वर जाते. मध्यरात्री दारावर थाप, सामान बांधायला थोडा वेळ, मग गुरांच्या वाघिणीत आठवडे न् आठवडे प्रवास. शेवटी सैबेरियातलं लाकूडतोडीचं जंगल किंवा कझाकस्तानचा उघडा माळ. थंडी, उपासमार आणि टायफस यांत किती गेले त्याची मोजदाद नाही.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि चक्र उलटं फिरलं. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. कैद्यांना 'माफी' मिळाली. गुन्हा काय, ते कुणालाच माहीत नव्हतं! जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांनी सुटलेल्या पोलिश लोकांचं सैन्य उभं करायला घेतलं. ही बातमी ऐकून माणसं हजारो मैल दक्षिणेकडे निघाली. १९४२ साली मार्च-एप्रिल आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्रातून बोटींनी ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सुमारे १ लाख १५ हजार माणसं बाहेर पडली. त्यात तिसरा हिस्सा बायका, मुलं आणि म्हातारे.

सैनिक पुढे लढायला गेले. बाकीच्यांचं काय करायचं? जगभर विचारणा झाली. न्यूझीलंडनं १९४४ साली ७३३ मुलं घेतली. मेक्सिकोनं सांता रोसा इथे जागा दिली, आणि तिकडे जाणाऱ्यांचं जहाज १९४३ मध्ये मुंबई बंदरातूनच सुटलं. पूर्व आफ्रिकेत टांगानिका, युगांडा अशा ठिकाणी छावण्या झाल्या. आणि भारतात, स्वतः पारतंत्र्यात असलेल्या आपल्या देशात, दोन संस्थानांत जागा झाली.

पहिली काठियावाडात. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगरजवळ बालाचडी इथे शेकडो अनाथ मुलांना आसरा दिला. त्यातली पहिली तुकडी इराणहून ट्रकनं क्वेट्ट्यापर्यंत आली होती आणि बालाचडी तयार होईपर्यंत मुंबईत वांद्र्याला राहिली होती. जामसाहेबांचं नाव आज वॉर्साच्या एका चौकाला आहे, आणि तिथल्या लोकांना ते 'भला महाराजा' म्हणून ठाऊक आहेत.

दुसरी, आणि बरीच मोठी, कोल्हापूर संस्थानात. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगत वळिवड्याच्या माळावर १९४३ साली लांबच लांब कौलारू बराकी उभ्या राहिल्या. एकेका बराकीचे भाग पाडून कुटुंबांना खोल्या दिल्या. बालाचडी ही मुलांची छावणी होती, वळिवडे म्हणजे गावच होतं. चर्च, दवाखाना, नाट्यगृह, प्राथमिक शाळा, हायस्कूल, स्काउटची पथकं, सगळं पोलिश. खर्च मुख्यतः लंडनमधलं पोलिश सरकार सोशीत होतं. फुलझाडं लावून, पडदे शिवून बायकांनी त्या खोल्यांची घरं केली. भाजीवाले, दूधवाले, शिंपी आजूबाजूच्या गावांतून येत. छातीनं अधू झालेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवत. सैबेरियाच्या बर्फातून निघालेली ही पोरं पंचगंगेत डुंबायला शिकली! सहकारी सांगत होती, तिच्या आजीला भारतातलं आठवायचं ते पावसाचं कौलांवर वाजणं आणि पोट भरेल इतकं खायला मिळणं.

त्यांच्या बापभावांचं सैन्य तेव्हा इटलीत होतं. १८ मे १९४४ रोजी मॉन्टे कॅसिनोचा मठ पोलिश सैनिकांनीच सर केला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवरच्या चढाईत पोलिश कोअर आणि आठवी भारतीय डिव्हिजन एकाच मोहिमेत लढत होत्या. त्याच डिव्हिजनमधल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे पोलिश सैनिकांची बायकामुलं मराठी मुलखात, आणि मराठी सैनिक त्यांच्याबरोबर इटलीत! हा योगायोग आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आला नाही.

या निर्वासितांच्याही आधी दोन पोलिश माणसं भारतात रमली होती. वांदा दिनोव्स्का या थिऑसॉफिस्ट बाई 'उमादेवी' नावानं राहत. छावणीतल्या मुलांना भारताची ओळख करून देण्यासाठी त्या झटल्या. दुसरे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, पोलिश ज्यू, गांधीजींच्या सहवासात 'भारतानंद' झालेले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेच्या हाती सत्ता सोपवली, त्या घटनेच्या कामात ते होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगामागेही तेच होते. त्याच प्रयोगावरून पुढे शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. उतारवयात मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणून १९७३ साली 'आय ॲम दॅट' हा ग्रंथ सिद्ध केला तोही फ्रीडमन यांनीच. मराठीतलं ज्ञान जगापुढे नेणारा माणूस वॉर्साहून आलेला असावा, हे वाचून मी थक्क झालो.

परतायचं कुठे?

युद्ध जिंकलं, पण वळिवड्यातली माणसं हरली. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली गेली. ल्वुव, विल्नो ही शहरं आणि या बायकांची गावं, शेतं, घरं सोव्हिएत हद्दीत गेली. पोलंड होता, पण त्यात त्यांचं घर नव्हतं. काही जणी परत गेल्या. इंग्रजांच्या झेंड्याखाली लढलेल्या सैनिकांसाठी ब्रिटननं १९४७ साली पुनर्वसनाचा कायदा केला, म्हणून बऱ्याच जणी तिकडे गेल्या. कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी कॅनडा, कुणी अमेरिका. एका मुलीनं कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केलं आणि ती तिथलीच झाली. जे आजारपणात गेले त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

१९४८ साली छावणी बंद झाली, आणि रिकाम्या होत गेलेल्या त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली. पुन्हा एक वाटणी, पुन्हा तीच कौलं! ज्या गादीवर बसून आम्ही बस्ता बांधला, तिच्याखालच्या जमिनीनं दोन देशांच्या बेघर माणसांना थारा दिला होता.

कोल्हापूरनं हे विसरू दिलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. महावीर उद्यानात स्मारक आहे, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभ उभारला तेव्हा छावणीत वाढलेली, आता ऐंशी-नव्वदीतली मंडळी खास तिथे आली होती. वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

शिकागोची शनिवारची शाळा

आता थोडं आपल्याविषयी. पोलिश लोक जगात पसरलेल्या आपल्या माणसांना 'पोलोनिया' म्हणतात. अमेरिकेत पोलिश वंश सांगणारे नव्वद लाखांच्या आसपास आहेत. एवढा मोठा समाज, तरी तो कधी एकजिनसी नव्हता. १९४५ नंतर आलेल्या शिकलेल्या निर्वासितांना खाणकामगारांची नातवंडं गावठी वाटली, आणि नातवंडांना नवे लोक शिष्ट वाटले. १९८१ च्या लष्करी कायद्यानंतर 'सॉलिडॅरिटी' चळवळीतले आले, तेव्हा आधीच्यांनी त्यांना पोलिश संस्थांत फार मान दिला नाही. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आला आणि नव्या पिढीनं अमेरिकेऐवजी ब्रिटन, आयर्लंडची वाट धरली. जुन्या शिकागोकरांना वाटलं, आता आपल्याकडे कोण येणार?

हे वाचताना मला आपल्या मंडळाची वार्षिक सभा आठवली तर दोष माझा नाही! सत्तरच्या दशकात आलेले काका-काकू, नव्वदीत एच-वनवर आलेले आम्ही, आणि आता येणारी तरुण मुलं, यांच्यात 'गणपतीचा खर्च किती' यावरून जे होतं, ते पोलोनियात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे.

भाषेचं म्हणाल तर बहुतेक पोलिश घरांत ती तिसऱ्या पिढीत संपली. राहिले ते आडनाव, नाताळचे पदार्थ आणि आजीची एखाददुसरी हाक. जिथे टिकली तिथे तिला तीन गोष्टींचा आधार होता असं मला दिसतं. शनिवारी नेमानं भरणारी शाळा, जिला मुलं आजही नाकं मुरडतात. मायदेशातून येत राहिलेली नवी माणसं. आणि भाषेचा काहीतरी प्रत्यक्ष उपयोग. पोलंडनं २००७ साली 'कार्ता पोलाका' नावाचं ओळखपत्र आणलं, सुरुवातीला जुन्या सोव्हिएत देशांतल्या पोलिश वंशाच्या लोकांसाठी, आणि २०१९ पासून जगभरच्या. ते मिळवायला अर्जदाराला थोडी तरी पोलिश भाषा यावी लागते. आपल्या ओसीआय कार्डासाठी कागदांची चळत लागते, पण 'तुझी भाषा बोलून दाखव' असं कोणी म्हणत नाही. ते आपल्याला घरीच विचारावं लागणार.

माझी सहकारी पोलिश वाचू शकत नाही. आजीची भारतातली वही तिच्या घरी आहे, पण आजी गेल्यापासून ती उघडून वाचणारं घरात कोणी उरलेलं नाही. हे तिनं अगदी सहज सांगितलं. मला मात्र त्या रात्री माझ्या आईच्या पत्रांचा डबा आठवला. माझी मुलगी मराठी बोलते, पण ती पत्रं तिला वाचता येत नाहीत. त्या शनिवारपासून आम्ही दोघं एकेक पत्र काढून वाचायला बसतो. अर्ध्या पानात ती दमते, जोडाक्षरांवर अडते, पण चाललं आहे.

एक विनंती. आपल्या मंडळात कोल्हापूर, सांगली, मिरज भागातले बरेच ज्येष्ठ आहेत. वळिवड्याच्या छावणीविषयी आईवडिलांकडून काही ऐकलेलं असेल, घरी जुना फोटो असेल, तर लिहून ठेवा, मुलांना सांगा. आणि हो, हल्ली कोणी "भारतात कुठला?" असं विचारलं, तर मी 'मुंबईजवळचा' म्हणत नाही. कोल्हापूर म्हणतो. समोरच्याला माहीत असेलही, काय सांगावं!